ठासणीच्या रायफलची नवी नळी: रुळवावी, पण मुरवू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांनी ५० कॅलिबरची (म्हणजे सुमारे अर्धा इंच व्यासाच्या नळीची), ठिणगी पाडणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीवर चालणारी ठासणीची नवी रायफल घेतली. एका अनुभवी मित्राच्या सल्ल्यावरून त्यांनी पहिल्या बारापूर्वी नळी तापवून तिला आतून मेण-चरबीचे मिश्रण चोळले, आणि त्यानंतर साबण-पाणी कटाक्षाने टाळले, कारण बिडाच्या तव्याप्रमाणे नळीही ‘मुरते’ असे त्यांना सांगण्यात आले होते. आता अडचण अशी की तिसऱ्या-चौथ्या बारानंतर गोळी ठासताना गज अडतो, गोळ्या निशाण्यावर विखुरतात, आणि रात्री कोरडी करून ठेवलेल्या नळीतून सकाळी चिंधी तांबूस निघते. त्यांचे विचारणे असे आहे की नळी सदोष आहे, की अजून पुरेशी मुरलेली नाही?

माझ्या मते दोन्ही नाही. येथे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली गोळा झाल्या आहेत. आट्यांच्या, म्हणजे नळीच्या आत कोरलेल्या पिळदार खाचांच्या, नव्या, तीक्ष्ण कडा ही पहिली, दोन बारांमध्ये साचणारी काजळी ही दुसरी, आणि दारूच्या राखेत शोषला जाणारा ओलावा ही तिसरी. पहिलीवर उपाय म्हणजे नळी रुळवणे, म्हणजे त्या कडा बोथट करणे, दुसरीवर उपाय बार काढतानाच करायचा असतो, आणि तिसरीवर पाण्याखेरीज उपाय नाही. मुरवण्याने यांतील एकही सुटत नाही, उलट तिसरी बळावते.

काही बाबी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. कारखान्यात आतून हाताने घोटून गुळगुळीत केलेली नळी असेल, तर ती रुळवण्याची गरज जवळजवळ नसते. साध्या उत्पादनातील, नुकतेच आटे पाडलेल्या नळीला ती बरीच असते. हवा दमट असेल तर काजळी मऊ राहते पण गंज लवकर धरतो. हवा कोरडी असेल तर गंजाला वेळ लागतो, पण काजळी दगडासारखी होते. खरी काळी दारू वापरता की तिचा पर्याय, यावरही पुष्कळ ठरते. माझा बहुतेक अनुभव बाजूला घोडा असलेल्या, शिशाची गोल गोळी कापडी पॅचमध्ये ठासून मारायच्या रायफलींचा आहे, आणि खालील विवेचन मुख्यतः त्यांनाच लागू पडते.

तव्याची उपमा मनाला पटते, म्हणून ती टिकून आहे. पण धातू आणि उष्णता या दोन्ही बाबतींत ती फसते. बिडाचा पृष्ठभाग खरबरीत असतो, त्यावर तेलाचा पातळ थर देऊन तो बराच वेळ कडक तापवला की तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून एक टणक लेप तयार होतो. आजच्या रायफलची नळी पोलादाची असते. बार उडतो तेव्हा आतील ज्वाळा प्रखर असते खरी, पण ती क्षणभराची असते, आणि पाठोपाठ घट्ट पॅच तोच पृष्ठभाग पुसत पुढे जातो. अशा ठिकाणी लेप तयार होत नाही. तयार होते ती मेण, चरबी आणि दारूची राख यांची खळ. तिच्याखाली क्षार अडकतात, क्षार ओलावा धरतात, आणि वरून तुकतुकीत दिसणारी नळी आतून खात जाते. अशी एक ‘मुरलेली’ नळी माझ्याकडे तपासायला आली होती. मालकाने ती मनापासून जपली होती, दर वेळी ताजे मिश्रण चोळले होते. गरम साबण-पाण्याने तो थर उतरवायला मला जवळजवळ तासभर लागला, आणि शेवटी बुडाकडच्या चार बोटांच्या भागात सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसले. निष्काळजीपणा कुणी केला नव्हता, सल्ला चुकीचा होता.

नव्या नळीचे पहिले काम म्हणजे कारखान्यातील वंगण पूर्ण काढणे. नळी गंजू नये म्हणून निर्माते आत जाडसर तेल किंवा ग्रीस भरून पाठवतात. ते बुडाशी राहिले तर पहिल्या काही बारांत जळून डांबरासारखे चिकटते, आणि नंतर तेच काजळीला धरून ठेवते. त्याआधी एक सवय लावून घ्या, मग रायफल नवी असो वा जुनी: नळी रिकामी आहे याची गज टाकून खात्री करा. गज हलकेच आत सोडला की रिकाम्या नळीच्या बुडावर धातूचा स्पष्ट, खणखणीत आवाज येतो; आत बार असेल तर आवाज बोथट येतो आणि गजही अधिक बाहेर राहतो. नळी रिकामी असताना गज तोंडाशी जिथे येतो तिथे एक खूण करा. नेहमीचा बार ठासल्यावर जिथे येतो तिथे दुसरी करा. या दोन खुणा पुढे पदोपदी उपयोगी पडतील. त्यानंतर निपल (ज्यावर टोपी बसते तो बुडाकडचा छोटा पोकळ तुकडा) काढून, अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत फिरवा, आणि मग एकदा कोमट साबण-पाण्याने धुऊन, कोरडी करून, हलके तेल लावा.

आता रुळवण्याकडे वळू. नव्या आट्यांच्या कडा कधीकधी इतक्या तीक्ष्ण असतात की त्या पॅचचे कापड कापतात. कापड कापले गेले की वायू गोळीच्या बाजूने निसटतो, गोळी आट्यांना नीट धरत नाही, आणि निशाण्यावर विखुरणे सुरू होते. हे नळीत डोकावून कळत नाही, पण जमिनीवरून कळते. गोळी सुटल्यावर पॅच काही पावलांवर पडतो. मैदानावर गोळीबार थांबला आहे, पुढे जाण्याची मुभा आहे, याची खात्री करून ते पॅच गोळा करा आणि हातात घेऊन नीट पाहा. चांगला पॅच पुन्हा वापरता येईल असा दिसतो: मध्ये गोळी बसल्याचा राखाडी वर्तुळाकार ठसा, भोवती आट्यांच्या फिकट-गडद रेघा, कडेला सुटलेले चार धागे, बस. गोळीच्या ठशाभोवती ठरावीक अंतरावर सरळ, स्वच्छ चिरा असतील आणि त्यांची संख्या आट्यांच्या संख्येशी जुळत असेल, तर त्या नळीच्या कडांनी पाडलेल्या आहेत. मध्यभागी जळून भोक पडले असेल तर नळीला दोष देऊ नका; पॅच पातळ आहे, वंगण कमी पडले आहे, किंवा दारू जास्त आहे. आणि चिरा अगदी गोळीच्या घेराच्या रेषेवरच असतील, तर ठासताना नळीच्या तोंडाच्या कडेनेच कापड कापले गेले असण्याची शक्यता अधिक. हे ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे पॅचसह गोळी दोन-तीन इंच आत ढकलून, खाली दारू नसताना, गोळी काढण्याच्या पेचाने ती परत बाहेर काढणे. बार न उडवताच पॅच फाटला असेल तर दोष तोंडाच्या कडेत आहे.

कडा बोथवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे नुसते बार काढत राहणे. माझ्या हातून गेलेल्या बहुतेक साध्या नळ्यांनी पहिल्या ५० ते १०० बारांत पॅच कापणे आपोआप सोडले आहे. या काळात दारू मध्यम ठेवावी, पॅच मजबूत आणि घट्ट विणीचा सुती घ्यावा, आणि गोळ्या निशाण्यावर किती जवळजवळ पडतात याची फार चिंता करू नये. दुसरा मार्ग घोटण्याचा. जॅगवर, म्हणजे गजाच्या टोकाला लावायच्या चिंधी धरणाऱ्या तुकड्यावर, सर्वांत बारीक प्रतीची, म्हणजे चार शून्यांची, स्टील वूल किंवा भांडी घासायचा हिरवा पॅड तेलात भिजवून गुंडाळायचा आणि नळीच्या पूर्ण लांबीत, मध्ये न थांबता, ४०-५० फेऱ्या मारायच्या. गज फिरता मुठीचा असावा, म्हणजे घासणारा भाग आट्यांच्या पिळाबरोबर वळतो. गज तोंडाशी घासू नये म्हणून तेथे मार्गदर्शक कडी बसवा. नळीच्या तोंडाची झीज नेमाला आतल्या कोणत्याही खरबरीतपणापेक्षा जास्त मारक ठरते. मी घोटण्याचा मार्ग केवळ तेव्हाच घेतो जेव्हा ५० बारांनंतरही पॅच चिरत राहतात. घोटाईची लुगदी वापरणारेही आहेत, पण तिने घालवलेला धातू परत येत नाही, म्हणून नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

या सगळ्याच्या आधी गोळी-पॅचचे माप तपासा, कारण पुष्कळदा दोष तिथेच सापडतो. ५० कॅलिबरला ०.४९० इंचाची गोळी आणि सुमारे ०.०१५ इंच जाडीचा पॅच ही सुरुवातीची चांगली जोडी आहे. गोळीला नळीत सुरू करायला छोट्या ठोकणीचा एक फटका लागावा आणि पुढे गजाने सलग, एकसारख्या दाबाने ती उतरावी. आट्यांचा पीळही पाहा. ४८ इंचांत एक फेरा हा मधला पीळ आहे, ६६ ते ७० इंचांत एक फेरा हा खास गोल गोळीचा, आणि २८ इंचांत एक फेरा हा लांबट गोळीचा. शेवटच्या प्रकारच्या नळीतून गोल गोळी जास्त दारूवर मारली तर ती विखुरणारच. अशा वेळी नळी कितीही रुळवली तरी फरक पडत नाही, दारू कमी केली तर पडतो.

गज अडण्याचे कारण वेगळे आहे. काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतो, आणि ती जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन स्वरूपात मागे उरतो. काही धुराबरोबर उडतो, बाकीचा नळीच्या भिंतींना बसतो. म्हणून तिसऱ्या बाराला गज अडणे हा नव्या नळीचा दोष नसून या दारूचा स्वभाव आहे. मी प्रत्येक बारानंतर एक ओलसर चिंधी आणि एक कोरडी चिंधी फिरवतो. ओलसर म्हणजे पिळून काढलेली. बोटांनी दाबली तर थेंब येऊ नये. निथळती चिंधी काजळीचा चिखल करून तो बुडाच्या दारूकोठीत आणि निपलच्या वाटेत ढकलते, आणि मग पुढची टोपी फुटते पण बार पेटत नाही. चिंधी थोडी आत, थोडी बाहेर अशी टप्प्याटप्प्याने खाली न्यावी, आणि ती सैलसर असावी, म्हणजे जाताना काजळीवरून घसरते आणि येताना जॅगवर गोळा होऊन ती ओढून आणते. आत एखादी ठिणगी राहिली असेल तर तीही या ओलसर चिंधीने विझते. तरीही दारू नेहमी मापातूनच ओता, दारूच्या शिंगातून थेट नळीत कधीच ओतू नका, आणि ओतताना चेहरा व हात शक्य तितके तोंडापासून बाजूला ठेवा.

गज अर्ध्यावर अडला तर जोर करून ठोकू नका, आणि ‘जवळजवळ बसली’ म्हणून बारही काढू नका. गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली तर दाब अडलेल्या गोळीमागे एकदम चढतो. त्याने नळीला आतून कड्यासारखा फुगवटा येऊ शकतो, आणि ती फाटूही शकते. गजावरची दुसरी खूण इथे कामाला येते: खूण तोंडाशी आल्याशिवाय निपलवर टोपी चढवायची नाही.

वंगणाबद्दल एवढेच सांगतो की मेण-चरबीच्या मिश्रणाची जागा पॅचवर आहे, आणि तेथे ते उत्तम काम करते, कारण त्याने काजळी मऊ राहते. खनिज तेल मात्र जळत्या काळ्या दारूबरोबर घट्ट, डांबरी काजळी करते, म्हणून ते साठवणीपुरतेच ठेवावे आणि बार काढण्यापूर्वी पुसून टाकावे.

आता सकाळच्या तांबूस चिंधीकडे येऊ, कारण खरी काळजी तिचीच आहे. दारूच्या राखेत पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असते. यांतील कार्बोनेट हवेतील पाणी ओढून घेते. धुताना येणारा कुजक्या अंड्यासारखा वास सल्फाइडमुळे येतो. हे क्षार पाण्यात सहज विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. नळी साफ करायला पाणी हेच सर्वांत चांगले द्रावण आहे, असे मी जे आग्रहाने सांगतो त्याचे कारण हेच आहे. तेलाची चिंधी कितीही फिरवली तरी ती क्षारांवर केवळ पांघरूण घालते.

माझी पद्धत अशी आहे. बार काढले त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी, नळी धुवायची. नळी आकड्याने बसवलेली असेल तर आडवी पाचर काढून ती दस्त्यापासून सोडवावी, निपल काढावे, आणि बूड कोमट पाण्याच्या बादलीत ठेवावे. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे काही थेंब पुरतात. जॅगवर घट्ट चिंधी लावून गज वर ओढला की निपलच्या भोकातून पाणी आत खेचले जाते आणि खाली ढकलला की काळे होऊन बाहेर पडते. पाणी काळे होईल तसे बदलत जा. शेवटी साध्या पाण्याने साबण धुऊन काढा. उकळते पाणी वापरू नका असे मी मुद्दाम सांगतो. तापलेल्या, उघड्या पोलादावर पाणी वाळताना क्षणात पातळ तांबूस गंज चढतो आणि माणूस घाबरतो. कोमट पाण्याने तो धोका फार कमी होतो.

यानंतर कोरड्या चिंध्या, एक नाही, पाच-सहा, शेवटची अगदी कोरडी निघेपर्यंत फिरवा. मग अल्कोहोलची एक चिंधी, किंवा डब्ल्यूडी-४० सारखे पाणी हटवणारे द्रव्य. हे द्रव्य पाणी बाहेर काढण्यासाठी आहे, महिनोन्‌महिने रक्षण करण्यासाठी नव्हे, म्हणून ते पुसून त्यावर गंजरोधक तेलाची चिंधी फिरवा. निपल वेगळे धुऊन, त्याच्या आट्यांना किंचित ग्रीस लावून परत बसवा.

एक जागा हमखास विसरली जाते. पुष्कळ रायफलींमध्ये बुडाशी नळीपेक्षा अरुंद अशी दारूकोठी असते. ५० कॅलिबरचा जॅग तिच्या तोंडाशीच अडतो, चिंध्या पांढऱ्या निघू लागतात, आणि आतली राख तशीच राहते. आपली तांबूस चिंधी बहुधा याच जागेतून येत असावी. तिच्यासाठी ३२ कॅलिबरच्या आसपासचा छोटा ब्रश घेऊन, त्यावर चिंधी गुंडाळून, बुडाशी टेकवून गोल फिरवा. पहिली चिंधी पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल. ब्रश अडकला तर हिसका देऊ नका. गज घड्याळाच्या दिशेने फिरवत, म्हणजे जोडाचे आटे सुटणार नाहीत अशा बेताने, हळूहळू ओढा.

खऱ्या दारूऐवजी पर्याय वापरत असाल तर सवलत मिळते असे समजू नका. पायरोडेक्ससारख्या पर्यायात पोटॅशियम परक्लोरेट असते, आणि त्यातून उरणारे क्लोराइड गंजाच्या बाबतीत मिठाच्या जातीचे आहे. वास कमी येतो, काजळी कमी दिसते, आणि म्हणूनच लोक एक रात्र पुढे ढकलतात. धुलाई तीच, वेळही तीच.

मागून बूड-पेच काढता येणाऱ्या रायफली धुवायला सोप्या आहेत, पण प्रत्येक वेळी पेच काढून त्याच्या आट्यांना न चिकटू देणारे ग्रीस लावलेच पाहिजे, नाहीतर तो एक दिवस निघेनासा होतो. त्यांत प्लास्टिकच्या वेष्टनातील गोळ्या वापरल्या तर प्लास्टिकचा थर पाण्याने जात नाही, त्याला वेगळे द्रावण लागते. चकमकीच्या रायफलची नळी दस्त्याला खिळ्यांनी बसवलेली असेल तर दर वेळी ती सोडवू नका; कानाला, म्हणजे ठिणगी आत जाण्याच्या बाजूच्या भोकाला, लाकडी काडीने बूच लावून, नळीत पाणी भरून, थोडा वेळ मुरू देऊन ओतून द्यावे. आणि कोणतीही ठासणीची रायफल असो, तिच्यात बिनधुराची दारू कधीही, चिमूटभरही, घालायची नाही. तिचा दाब या नळ्यांसाठी नसतो. नळी फुटते आणि माणूस जायबंदी होतो.

साठवताना तोंड खाली ठेवा, म्हणजे तेल ओघळून निपलमध्ये आणि दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. फोम लावलेल्या बंद पेटीत ठेवू नका, फोम ओल धरतो. दुसऱ्या दिवशी एक स्वच्छ चिंधी फिरवा, मग आठवड्याने, मग महिन्यातून एकदा. पुढच्या वेळी बार काढण्याआधी तेल पुसून, नळी रिकामी असल्याची खात्री करून, सुरक्षित दिशेला, नळीचे तोंड जमिनीवरच्या एखाद्या सुक्या पानाजवळ धरून नुसत्या दोन टोप्या फोडा. पान हलले तर वाट मोकळी आहे.

आपल्या नळीसाठी आता करायचे ते असे. गरम साबण-पाण्याने तो मेणाचा थर पूर्ण उतरवा, बुडाची कोठी छोट्या ब्रशने साफ करा, वर सांगितल्याप्रमाणे कोरडी करून तेल लावा, आणि सलग तीन सकाळी चिंधी फिरवून पाहा. ती पिवळसर तेलकट निघाली तर नळी निरोगी आहे. विटकरी निघत राहिली तर आत बारीक दिवा सोडून बुडाकडचा भाग पाहा, आणि घट्ट चिंधी हळू ओढताना ती एकाच जागी अडखळते का ते हाताला जाणवते का पाहा. समजा खड्डे पडले आहेत असे दिसले, तरी नळी टाकाऊ ठरवू नका. बारीक खड्ड्यांची नळी थोडी घोटून, दर वेळी नीट धुऊन, वर्षानुवर्षे चांगली चालते. माझ्याकडे तपासायला आलेली ती ‘मुरलेली’ नळी आजही वापरात आहे, आणि तिचे पॅच अखंड निघतात.